गालिच्यावरचा डाग

पाहुणे येतात, बैठकीवर बसतात, बोलण्याच्या भरात हात हलतो आणि चहाचा कप गालिच्यावर उपडा होतो. पुढच्या पाच मिनिटांत जे घडते ते सगळ्या घरांत सारखेच. एक जण म्हणतो मीठ टाका, दुसरा म्हणतो लिंबू चोळा. आजी सोडा आणायला सांगतात, शेजारचे गृहस्थ पेट्रोलचा बोळा फिरवा म्हणतात, आणि घरातल्या कर्त्या मुलाने हे सगळे ऐकण्यापूर्वीच ओले फडके घेऊन तो डाग खसाखसा चोळायला सुरुवात केलेली असते. पाहुणे बिचारे अवघडून उभे. "राहू द्या हो, एवढं काय त्यात," असे यजमान तोंडाने म्हणतात आणि मनातून कळवळतात.

गंमत अशी की या प्रत्येक सल्ल्यामागे एकेक काळ उभा आहे. सोडा एका काळातला, पेट्रोल दुसऱ्या काळातले. एके काळी हे उपाय नवे होते आणि शहाणपणाचे समजले जात. त्यांतल्या काहींनी गालिचे खाल्ले, काहींनी घरे जाळली आणि काहींनी माणसेही मारली. म्हणून डाग काढण्याचा इतिहास हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रथम हे पाहू की गालिच्यावरचा डाग धोतरावरच्या डागाहून वेगळा का. धोतर उचलून परटाला देता येते. ते एकाच सुताचे असते, पांढरे असते, पाण्यात बुडवता येते आणि उन्हात टाकता येते. गालिच्याचे तसे नाही. आपल्याकडच्या हातविणीच्या गालिच्याचा ताणाबाणा बहुधा सुती आणि वरची गाठ लोकरीची. सुताचा स्वभाव वेगळा, लोकरीचा वेगळा. त्या लोकरीवर पाचसात रंग असतात, आणि ते सगळे एकाच परीक्षेत उतरतील असे सांगता येत नाही. यंत्रावरच्या स्वस्त गालिच्यांना खालून तागाचे अस्तर असते. ते भिजले की तागातला तपकिरी अंश वर चढतो आणि नसलेला डाग उमटतो. एवढे मोठे धूड पिळता तर येतच नाही. म्हणजे गालिच्यावर उपाय करताना एकीकडे डाग, दुसरीकडे धागा आणि तिसरीकडे रंग, अशा तिघांचा विचार करावा लागतो. चौथा जो डाग काढणारा माणूस, त्याचा विचार मात्र फार उशिरा झाला.

आपल्या जुन्या लोकांना पहिल्या दोहोंची चांगली जाण होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यात वस्त्रे कशाने शुद्ध करावीत ते सांगितले आहे, आणि ते सरसकट सांगितलेले नाही. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, केसांची कांबळी रिठ्याने, तलम पट्टवस्त्रे बेलफळाने आणि तागाच्या जातीची क्षौम वस्त्रे पांढऱ्या मोहरीने. स्मृतिकाराला शुद्धीची काळजी होती, रसायनाची नव्हती, हे कबूल. पण धागा बदलला की द्रव्य बदलले पाहिजे, हे परटांनी अनुभवाने ठरवलेले सूत्र त्या श्लोकात आयते उतरले आहे. पुढे आठव्या अध्यायात परटाने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू वस्त्र धुवावे असा नियम येतो. कौटिल्य त्याहून कडक. लाकडी फळी किंवा गुळगुळीत शिळा सोडून इतरत्र कपडे धुणाऱ्या परटाकडून फाटल्याची भरपाई घ्यावी आणि वर सहा पण दंड करावा, असे त्याने अर्थशास्त्रात लिहून ठेवले आहे. धुलाई हा राज्याच्या देखरेखीचा विषय होता, आणि देखरेख वस्त्राच्या बाजूने होती. चोळू नका, आपटू नका, हा उपदेश असा फार जुना आहे. पाहुण्यांसमोर खसाखसा चोळणाऱ्या मुलाने तेवढा वाचलेला नसतो!

रिठ्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा फेस होतो, त्याने तेलकटपणा सुटतो, पण त्यात साबणासारखा क्षार नसतो. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांच्या अंगचे धागे. क्षार हा त्यांचा शत्रू. उकळत्या कॉस्टिक सोड्यात लोकर टाकली तर ती काही मिनिटांत विरघळून जाते. म्हणून आपल्या बायका शाल, पैठणी आणि सोन्याचे दागिने रिठ्याने धूत असत, ते अगदी बरोबर होते. जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम करणारे जाणकार आजही रिठ्याचा उपयोग करतात. एकच सांभाळायचे, की रिठ्याचे पाणी स्वतःच तपकिरी असते आणि फिक्या गालिच्यावर ते आपला डाग ठेवून जाऊ शकते.

तिकडे रोममध्ये हाच धंदा वेगळ्या वासाचा होता. लोकरीचे झगे धुणारे रोमन परीट मोठाल्या कुंड्यांत उभे राहून कपडे पायाने तुडवीत, आणि त्या कुंड्यांत शिळे मूत्र असे. मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनिया तेलकटपणा तोडतो. पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे अशा धुलाईखान्याच्या कुंड्या उत्खननात मिळाल्या आहेत. व्हेस्पाझियन बादशहाने या मूत्रावर कर बसवला. मुलाने नाक मुरडले तेव्हा करातून आलेले नाणे त्याच्या नाकाशी धरून, याला वास येतो का, असे त्याने विचारल्याची गोष्ट इतिहासकार स्वेटोनियसने सांगितली आहे. पण रोमन परटाची दुसरी वस्तू आपल्या जास्त ओळखीची आहे. ती म्हणजे चिकणमातीची एक जात, आपल्या मुलतानी मातीची बहीण. ही माती तेल पिते. गालिच्यावर तूप किंवा तेल सांडले असता मुलतानी मातीची कोरडी पूड पसरावी, रात्रभर राहू द्यावी आणि सकाळी मऊ ब्रशाने झाडून काढावी, हा उपाय दोन हजार वर्षांचा आहे आणि आजही त्याच्यात खोट काढता येत नाही. पाणी नाही, क्षार नाही, वाफ नाही. पूड झाडताना नाकाला पदर लावला म्हणजे झाले.

साबणाचा आणि गालिच्याचा संबंध तर एका नावातच गोठून राहिला आहे. फ्रान्सच्या राजदरबारासाठी सतराव्या शतकापासून जे उंची गालिचे विणले जात त्यांना साव्होनरी म्हणतात. साव्होनरी म्हणजे साबणाचा कारखाना! पॅरिसला सीन नदीच्या काठी एक साबणाचा जुना कारखाना होता. त्या जागेत गालिच्यांचे माग बसले आणि नाव तेच राहिले. एकोणिसाव्या शतकात हे माग गोब्लँ येथील प्रसिद्ध राजकीय कारखान्यात मिसळले गेले. आता पाहा, या गोब्लँमध्ये रंगकामावर देखरेख करायला कोण कोण होते. १७८४ पासून बर्थोले नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथे होता. क्लोरीन वायूने कापड पांढरे करता येते हे १७८५ साली जगापुढे मांडणारा तोच. आपण आज बाटलीतून आणतो ते ब्लीच त्याच्याच शोधाचे वंशज. त्याच्यानंतर १८२४ साली शव्हरल आला. चरबी म्हणजे काय आणि तिचा साबण कसा होतो, हे ज्याने प्रथम नीट उलगडून १८२३ साली ग्रंथरूपाने मांडले तो हा शव्हरल. एकशे दोन वर्षे जगला. रंग उडवणारे द्रव्य शोधणारा एक आणि डाग सोडवणाऱ्या साबणाचे मर्म सांगणारा दुसरा, दोघेही रंगीत विणकामाच्या कारखान्यात रंग सांभाळायला बसले होते. मला यात आश्चर्य वाटत नाही. रंग धाग्याला ज्या कारणांनी धरून राहतो, जवळपास त्याच कारणांनी डागही धरून राहतो. चहाचा डाग म्हणजे आपण न मागता झालेले रंगकामच. त्याला हुसकावणारे द्रव्य रंगाला ओळखून बाजूला ठेवील, असे धरून चालू नये.

बर्थोलेच्या वंशजाबद्दल इथेच सांगून टाकतो. ब्लीच सुती पांढऱ्या कपड्याला ठीक. लोकरीच्या गालिच्यावर ते ओतले तर आधी रंग जातो, मग लोकर पिवळी पडते आणि शेवटी धागाच विरतो. याहून वाईट म्हणजे ते ॲसिडमध्ये किंवा अमोनियात मिसळले की विषारी वायू सुटतो. एक उपाय लागू पडला नाही म्हणून त्यावर लगेच दुसरा ओतायचा, ही सवय बऱ्याच घरांत असते. ती मोडली पाहिजे.

आपल्या घरांतला खरा डाग मात्र चहाचा नव्हे, हळदीचा. आणि हळद हा मोठा नमुनेदार डाग आहे. त्यावर साबण लावला की तो लाल होतो आणि गृहिणी घाबरून आणखी साबण लावते. इथे बिघडलेले काही नसते. क्षार लागला की हळद लाल होते, आंबट लागले की पुन्हा पिवळी. शाळेतल्या प्रयोगात हळदीचा कागद करतात तो याचसाठी. हळदीचा रंग उन्हाला फार कच्चा असतो. धुतलेले पांढरे वस्त्र दोन दिवस उन्हात ठेवले की पिवळेपणा नाहीसा होतो, हे आपल्या घरातल्या बायांना रसायनशास्त्राआधीपासून ठाऊक आहे. पण गालिच्याचे रंगही उन्हात उडतात. तेव्हा गालिच्याच्या बाबतीत हळदीचा डाग आधी चमच्याने अलगद उचलायचा, मग टिपायचा, आणि उरलेली पिवळी छटा खिडकीतल्या उजेडाने हळूहळू उडू द्यायची. चार महिने लागले तरी लागोत.

उन्हाला आणि पाण्याला कच्चे रंग गालिच्यांत आले कुठून? जुने रंग, म्हणजे मंजिष्ठ, नीळ, लाख, डाळिंबाची साल, हे बसवायला वेळ लागे. पण नीट बसवले की पक्के बसत. १८५६ साली पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला कोलटारपासून जांभळा रंग सापडला आणि पुढच्या वीसपंचवीस वर्षांत असे स्वस्त, भडक रंग सगळ्या पूर्वेकडच्या विणकरांच्या हाती पोचले. सुरुवातीचे हे रंग उन्हात उडत आणि पाण्यात वाहत. यावर ज्याने मोठा आक्रोश केला तो जॉर्ज बर्डवुड आपल्याकडचाच म्हणायचा; १८३२ साली बेळगावात जन्मलेला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेला. १८८० साली हिंदुस्थानातील कलाकुसरीवर त्याने जो ग्रंथ लिहिला त्यात गालिच्यांच्या ऱ्हासाचे दोन आरोपी उभे केले आहेत. एक, हे विलायती रंग. दुसरा, तुरुंग. सरकारी तुरुंगांतून कैद्यांकडून गालिचे विणून घेण्याची पद्धत तेव्हा जोरात होती. आपले येरवडा त्यांत होते, आग्रा होते. स्वस्त मजुरीपुढे पिढीजात विणकर टिकेना. आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा आजही विंझर किल्ल्यात आहे. १९९२ च्या आगीत तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नासेक सैनिक लागले होते.

बर्डवुडने काश्मीरच्या महाराजांचा उपाय वाखाणला आहे. हे रंग राज्यात येताना आधी शेकडा ४५ जकात घ्यायची, आणि सरहद्दीच्या आत काही अंतरावर तो माल जप्त करून नष्ट करायचा! इराणच्या शाहांनीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच बंद्या घातल्या. व्यापार काही थांबला नाही. कालांतराने रसायनी रंगही पक्के झाले. परंतु तेव्हापासून एक नियम कायमचा घरात आला: कोणतेही द्रव्य, अगदी साधे पाणीसुद्धा, आधी गालिच्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहायचे. ओले पांढरे फडके त्या जागी पाच मिनिटे दाबून धरावे. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबावे. हा डाग आपल्या हातचा नव्हे, जाणकाराकडे न्यावा.

पाण्याने रंग वाहतो, पाण्याने लोकर आटते. मग पाणीच नको, असा विचार कोणाच्या तरी मनात येणारच होता. न्यूयॉर्क शहरात थॉमस जेनिंग्ज नावाचा एक शिंपी होता. कृष्णवर्णीय, पण गुलाम नव्हे, स्वतंत्र. लोक महागाचे कपडे शिवून नेत आणि डाग पडला की रडत येत. जेनिंग्जने कपडे कोरडे स्वच्छ करण्याची एक रीत बसवली आणि १८२१ साली तिचे पेटंट मिळवले. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला मिळालेले हे पहिले पेटंट समजतात. त्याची रीत नेमकी काय होती ते कागद १८३६ साली पेटंट कचेरीला लागलेल्या आगीत गेले. मिळालेल्या पैशातून त्याने आपल्या माणसांना गुलामगिरीतून सोडवले असे सांगतात. त्याची मुलगी एलिझाबेथ हिला १८५४ साली न्यूयॉर्कच्या घोड्यांच्या ट्राममधून वर्णावरून उतरवण्यात आले. तिने दावा लावला आणि जिंकला. तिचा तरुण वकील चेस्टर आर्थर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ही हकीकत विषयाला सोडून आहे खरी, पण परटाच्या धंद्याच्या इतिहासात अशी माणसे भेटतात आणि त्यांना वगळून पुढे जाववत नाही.

पॅरिसमध्ये याच शतकात जॉली नावाच्या रंगाऱ्याची गोष्ट प्रसिद्ध झाली. मोलकरणीच्या हातून दिवा कलंडला, टेबलावरच्या कापडावर तेल सांडले, आणि वाळल्यावर पाहतात तो तेवढाच भाग स्वच्छ! गोष्ट खरी असो वा रचलेली असो, टरपेंटाईनच्या जातीची तेले वंगण विरघळवतात आणि पाण्याप्रमाणे लोकर फुगवत नाहीत, हे तत्त्व खरे. मग खनिज तेल निघाले आणि बेन्झीन, नॅफ्था, पेट्रोल अशी स्वस्त द्रव्ये हाती आली. धंदा फोफावला आणि त्याच्याबरोबर आगीही. यात ठिणगी पाडायला दिवा लागतो असे नाही. कोरड्या हवेत लोकर किंवा रेशीम घासले की वीज निर्माण होते, हे आपण थंडीत स्वेटर काढताना ऐकतोच. पेट्रोलमध्ये भिजलेली लोकर घासली की तेवढी चटचट पुरते. कारखान्यांमागून कारखाने जळाले. शेवटी १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टॉडर्ड याने सहज पेट न घेणारे खनिज द्रावण पुढे आणले, तेव्हा धंद्याला जरा श्वास घेता आला.

शेजारच्या गृहस्थांचा पेट्रोलचा बोळा म्हणजे त्या जळत्या काळाचा अवशेष. बंद दिवाणखाना, जमिनीवर पसरलेला लोकरी गालिचा, त्यावर पेट्रोल, आणि पलीकडे देवघरात समई. एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मग आग न लागणारे द्रव्य मिळाले, आणि इथे गोष्ट खरी काळी होते. कार्बन टेट्राक्लोराइड. १८३९ साली प्रथम तयार केले गेले. पाण्यासारखे स्वच्छ, गोडसर वासाचे, आणि वंगण तर असे नेते की विचारू नका. पेटत तर नाहीच, उलट आग विझवायच्या नळकांड्यांत हेच भरत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते घरोघर गेले. आमच्या घरीही ते होते. १९६० च्या सुमाराची गोष्ट. औषधांच्या दुकानातून आणलेली तपकिरी काचेची लहान बाटली कपाटात आयोडिनशेजारी असे. पावसाळ्यात दारेखिडक्या लावून आई सतरंजीवरचे तेलाचे डाग त्यात भिजवलेल्या कापसाने पुशी. आम्ही मुले तिथेच सतरंजीवर पत्ते खेळत असू. दुपारी आईचे डोके चढे, मळमळे. "पित्त झालंय," असे म्हणून ती कोकमाचे सरबत घेई आणि पडून राही. दोनतीनदा असे झाले. डागाचा आणि पित्ताचा संबंध आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना वाचले, की या द्रव्याची वाफ हवेच्या पाचपटीहून जड असते. म्हणजे ती जमिनीलगत साचते. मुले जिथे बसतात तिथेच. यकृत आणि मूत्रपिंड ही तिची जाण्याची घरे. दारू घेणाऱ्याला ती अधिक बाधते. तापल्या धातूवर पडली तर तिच्यापासून फॉस्जीन होतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडत होते तो विषारी वायू.

सुटीत घरी गेलो तेव्हा मी बाटली शोधली. ती केव्हाच संपून गेली होती.

साधी गोष्ट ध्यानात घ्यावी, की हे विष आहे हे डॉक्टरांना फार आधी कळले होते. कारखान्यांतले कामगार आणि घरांतली माणसे यकृत निकामी होऊन दगावल्याची नोंद होत होती. तरी अमेरिकेत घरगुती वस्तूंतून ते १९७० साली हटले. आपल्याकडे तयार कपड्यांच्या कारखान्यांत तेलाचे डाग टिपायला ते त्यानंतरही कित्येक वर्षे चालू होते. ते सरतेशेवटी २०१० साली बंद झाले, तेही यकृतासाठी नव्हे, आकाशातल्या ओझोनच्या थरासाठी झालेल्या माँट्रियल करारामुळे. कामगाराच्या पोटापेक्षा आभाळ आधी दिसले, याचे वाईट वाटते.

त्याची जागा घेतली परक्लोरोएथिलीनने. फॅरडेने ते १८२१ साली केले होते. जेनिंग्जच्या पेटंटचेच वर्ष, हा योगायोग. कोरड्या धुलाईच्या दुकानात जो वास येतो तो बहुतेक याचा. त्यानेही कर्करोग संभवतो असा निर्वाळा पुढे शास्त्रज्ञांनी दिला आणि कोरड्या धुलाईतून ते दहा वर्षांत हटवण्याचा नियम अमेरिकी सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये केला. घरी अशा धुलाईतून गालिचा किंवा पडदे आले तर ते उघड्या गच्चीवर एक दिवस वारा देऊनच आत घ्यावेत.

डाग पडूच नये, अशीही एक युक्ती निघाली. १९५३ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या एका प्रयोगशाळेत एका सहायिकेच्या बुटावर काही थेंब सांडले. ते काही केल्या धुतले जाईनात, आणि त्या जागी मळही बसेना. पॅट्सी शेरमन आणि सॅम्युएल स्मिथ या दोघांनी त्यातून कापडावर आणि गालिच्यावर फवारायचे प्रसिद्ध द्रव्य सिद्ध केले. पाणी, तेल, चहा सगळे वरच्या वर थेंब होऊन राहते. जे डागाला चिकटू देत नाही ते स्वतः मात्र कशानेच नाश पावत नाही, हे नंतर उमगले. जगभरच्या माणसांच्या रक्तात त्यातला एक घटक सापडला, आणि २००० साली कंपनीनेच तो काढून घेण्याचे जाहीर केले. नवे गालिचे घेताना डागरोधक अशी चिठ्ठी दिसली तर ते कशाने केले आहे ते दुकानदाराला जरूर विचारावे. त्याला ठाऊक नसेल, पण विचारावे.

या सगळ्या रसायनांच्या गर्दीत एका इंग्रज एंजिनियरने वेगळीच वाट धरली. ह्यूबर्ट सेसिल बूथ. धूळ उडवण्याऐवजी ओढून घेता येईल का, असे त्याच्या मनात आले. त्याने एका उपाहारगृहात मखमली खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, तोंड लावून हवा ओढली, आणि ठसका लागला! रुमालाच्या खालच्या बाजूला काळा गोल उमटलेला पाहून त्याचे काम झाले. १९०१ साली त्याचे यंत्र निघाले. घोडागाडीवर बसवलेले एंजिन रस्त्यात उभे राही आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ केले. धुळीचे कण धारदार असतात. पायाखाली दबून ते लोकरीचा बुंधा कापतात. शिवाय डागावर पाणी घालण्यापूर्वी धूळ काढली नाही तर तिचाच चिखल होतो. आपल्याकडे गालिचा दोरीवर टाकून उलट बाजूने वेताच्या छडीने झोडपत, त्यामागचा हेतू हाच. यंत्र नसेल तर आजही तसेच करावे. फक्त हळू, आणि घराबाहेर.

आता त्या चहाकडे वळू. पाहुणे अजून उभेच आहेत, त्यांना आधी बसवा.

पांढरे, सुती, कोरडे फडके घ्यायचे. रंगीत नको, त्याचाच रंग लागायचा. ते डागावर दाबायचे आणि उचलायचे. चोळले की गाठ उसवते आणि चहा खोल जातो. कडेकडून मध्याकडे यायचे, नाहीतर डाग पसरतो. फडके ओले होणे थांबले की थंड पाण्यात दुसरे फडके पिळून तसेच करायचे. गरम पाणी नको. दुधाचा अंश उष्णतेने धाग्याला घट्ट धरतो. उरलाच, तर कपभर पाण्यात दोन थेंब भांडी घासायचा सौम्य द्रव किंवा गाळलेले रिठ्याचे पाणी, कोपऱ्यावर पारखून. मग साध्या पाण्याने टिपायचे, कारण मागे राहिलेला फेस पुढे धूळ धरतो. शेवटी कपभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून टिपले तर लोकरीला लागलेला क्षार मरतो. जाडे मीठ टाकू नये. ते ओल शोषते खरे, पण मागे राहिलेले कण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ओल ओढत बसतात. लिंबाच्या आंबटाने काही रंग पालटतात, तेव्हा तेही नको.

एवढे करूनही दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा दिसतो, आणि लोक म्हणतात, गेला होता हो, परत आला. तो परत येत नाही, खालून वर येतो. गाठीच्या बुडाशी राहिलेले चहाचे पाणी वाळताना धाग्याच्या टोकाकडे चढते आणि रंग तिथे सोडून उडून जाते. म्हणून टिपून झाल्यावर त्या जागी कोरड्या पांढऱ्या फडक्याच्या चारपाच घड्या ठेवाव्या, त्यावर ताट उपडे घालावे आणि ताटावर पाट्याचा वरवंटा किंवा एखादा जाडजूड ग्रंथ ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी वजन काढले की खालच्या घडीवर चहाचा पिवळा गोल उमटलेला दिसेल.